जोसेफ आपटेकरांचं अडकलेलं पान

जोसेफ आपटेकर चिडले की आधी चष्मा काढून खिशात ठेवतात. पनवेलच्या इस्रायल आळीत, ज्यूंच्या जुन्या वस्तीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चष्मा नाकावर आहे तोवर खुशाल बोला. खिशात गेला की चपला शोधा आणि सुटा. सदुसष्ट वर्षांचा माणूस, अंगाने काडीपैलवान, पण आवाज असा की कोपऱ्यावरचा रिक्षावाला मान वळवून बघतो. महापालिकेवर चिडून झालं, गॅसवाल्यावर चिडून झालं, आणि पत्रिकेचं प्रूफ तीनदा तपासून सही केल्यावर "आत्याचं नाव राहिलं की हो" म्हणत येणाऱ्या वरबापांवर तर जन्मभर चिडून झालं. पण यंदाच्या पावसाळ्यात ते ज्याच्यावर चिडले, तसे बापजन्मात कुणावर चिडले नव्हते. आणि तो कोण, तर एक संगणकाचा पडदा! हसू नका. पुढचं ऐकलंत तर तुम्हीही चिडाल.

जोसेफभाऊंचा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं मराठी टायपिंग. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एक घरचं काम काढलं. त्यांची बायको मिल्का, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, हिच्याकडे तिच्या वडिलांच्या हातची प्रार्थनेची वही होती. हिब्रू शब्द देवनागरीत लिहिलेले आणि खाली मराठी अर्थ. वहीची पानं सुटायला लागली होती. जोसेफभाऊंनी ती टाइप केली, दोनशे बारा पानं. त्या वेळचं सॉफ्टवेअर विकतचं. संगणकाच्या पाठीत अंगठ्याएवढा एक डोंगल खुपसायचा, तो असेल तरच फाइल उघडायची. एके दिवशी डोंगल मेला. कंपनीला फोन लावला तर कंपनीच बंद पडलेली. फाइल डोळ्यांसमोर, स्वतःच्या बोटांनी टाइप केलेली, आणि उघडेना!

"घर माझं आणि किल्ली भलत्याच्या खिशात?" जोसेफभाऊ तेव्हा जे ओरडले ते आळीला अजून आठवतं. दीड वर्ष खपून त्यांनी दोनशे बारा पानं पुन्हा टाइप केली आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून घरात लिनक्स. ज्याचं पोट उघडून कुणीही बघावं, दुरुस्त करावं, असं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं म्हणून नव्हे, कुलूप नाही म्हणून. विंडोज नको, कुलूपवालं काही म्हणून नको. या एका गोष्टीवर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

आता मिल्काचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडतं. आठ वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग धरला. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तळहाताएवढं अक्षर असेल तर मान जरा तिरपी करून ती वाचते. बाकी सगळं सोडलं तिने, वर्तमानपत्र सोडलं, शिवण सोडलं, पण शब्बाथची प्रार्थना सोडली नाही. वाचून दाखवलेली तिला चालत नाही. "बाबांनी मला वाचायला शिकवलं, ऐकायला नाही," म्हणते. आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस, लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत या घरात कुणी बटणाला हात लावत नाही. आधी लावलेला दिवा चालू राहतो, तेवढाच. मग पान उलटायचं कुणी? जोसेफभाऊ स्वतः देवाधर्माचे फारसे नाहीत, पण बायकोसाठी त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. शुक्रवारी दिवे लागायच्या आधी सुरू करायचा. सात-सात मिनिटांनी पान आपोआप उलटणार, संध्याकाळची प्रार्थना संध्याकाळी, सकाळची सकाळी. अक्षर तळहाताएवढं. आठ वर्षं एकदाही चुकला नाही. मिल्का खुर्ची पुढे ओढून, मान तिरपी करून वाचत बसायची आणि जोसेफभाऊ आतल्या खोलीत पडून तिचा आवाज ऐकायचे. त्यांची प्रार्थना काय ती तेवढीच.

जुलैत जुना संगणक जळाला. आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेचंही आता जायला लागलंय. "या वर्षी वाचाल. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही."

मिल्का घरी येऊन एवढंच म्हणाली, "दारफाळणी पदरात पडू दे. मग बघू."

दारफाळणीचा सण म्हणजे किप्पूर, देवाकडे वर्षभराच्या पापांची माफी मागायचा दिवस. आमच्या कोकणातले बेने इस्रायल त्याला दारफाळणीच म्हणतात. त्या दिवशी घरांची दारं बंद. उपास, पांढरे कपडे, शब्बाथसारखाच बटणाला हात नाही, आणि एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत प्रार्थना. मिल्काला गुडघ्यांमुळे सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनामंदिराची, पायरी चढवत नाही, म्हणून तिचा सगळा दिवस त्या पडद्यासमोर. हा दिवस तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता. शेवटचा म्हणून.

जोसेफभाऊ त्याच दिवशी हरेशच्या संगणकाच्या दुकानात गेले. "सगळ्यात मोठा पडदा दे." हरेशने सत्तावीस इंची यंत्र दाखवलं, संगणक आणि पडदा एकातच. "अंकल, एकदम लेटेस्ट चीज आहे. मागच्या महिन्यात निघालीय. विंडोज टाकून देऊ?"

"टाकलेलं असेल तर काढ!"

इथेच माती खाल्ली. लेटेस्ट! अहो, कुलूप नसलेल्या सॉफ्टवेअरला नव्या यंत्राची ओळख व्हायला वेळ लागतो. पडद्यावर चित्र काढणारी जी चिप असते, तिच्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जगभरचे लोक बसून लिहितात, आणि चिप बाजारात आल्यावर ते कामाला लागतात. चिप बनवणारा तिच्या माहितीचा कागद दाखवतो तो अर्धा, तोही नाक मुरडत. हे जोसेफभाऊंना माहीत नव्हतं असं नाही. पण पडदा बघितला आणि मिल्काची अक्षरं त्यावर केवढी दिसतील एवढंच डोक्यात राहिलं.

पहिल्या शुक्रवारी सगळं झकास सुरू झालं. शनिवारी सकाळी मिल्का खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, हे तर काल संध्याकाळचं पान आहे."

जोसेफभाऊ बाहेर आले. चौदावं पान. सात मिनिटं थांबले, चौदावं. अर्धा तास थांबले, चौदावं. हात लावायची सोय नाही. मिल्का ते एकच पान दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि मग उठली. संध्याकाळी चांदण्या दिसल्या, जोसेफभाऊंनी माउसला नुसता धक्का दिला, आणि पडद्याने चौदावरून एकदम एकशे नव्वदाव्या पानावर उडी मारली. म्हणजे संगणक आत इमानाने पानं उलटत होता! पडद्यालाच पत्ता नव्हता. वीज वाचवायची म्हणून ही नवी चिप थोडा वेळ कुणी हात लावला नाही की शेवटचं चित्र धरून झोपी जायची, आणि ड्रायव्हरला तिला उठवता येत नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मा खिशात गेला. पण ओरडणार कुणावर? यंत्राला कान आहेत थोडेच.

त्यांनी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर तक्रार टाकली. इंग्रजी त्यांचं बेतास बात, पण सगळं सविस्तर लिहिलं, कुठली चिप, किती वाजता, कितवं पान. नऊ दिवसांनी उत्तर आलं: नवी आवृत्ती टाकून बघा. टाकली. संगणकाचा आवाज गेला, पान अडकतच राहिलं. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं: संगणक सुरू होताना ही एक ओळ घाला. घातली. पान उलटायला लागलं, पण पडदा खराब ट्यूबलाइटसारखा फडफडायला लागला आणि मिल्काचं डोकं असं दुखलं की ती दोन दिवस अंथरुणाला. ओळ काढली. पुन्हा लिहिलं, या वेळी जरा तिखटच. तिसरं उत्तर आलं ते ऐका. कुणा शहाण्याने लिहिलं होतं की माउस हलवला की पडदा पूर्ववत होतो, तेव्हा ही अडचण किरकोळ आहे. कुणीही माणूस तासन् तास हात न लावता पडद्याकडे बघत बसत नाही. सबब तक्रार बंद.

तक्रार बंद!

"बसत नाही? कुणी बसत नाही?" जोसेफभाऊ घरभर फिरत होते. "माझी बायको बसते! आठ वर्षं बसतेय! हा कोण टिकोजीराव सांगणारा? दर आठवड्याला जगात हजारो घरांत लोक कशाला हात लावत नाहीत, हे या गाढवाच्या गावीही नाही? माउस हलवा म्हणे! अरे, माउस हलवता आला असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो मेल्या?"

राग रास्त होता. शंभर टक्के रास्त. मीही असतो तर भांडी फेकली असती. पण रागाच्या भरात माणसाला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती गोष्ट त्यांच्या पाठीमागे खुर्चीत बसली होती.

दारफाळणीला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांचा भाचा ओमेर खारघरहून आला. चौतिशीचा, कंपनीत याच कामात मुरलेला. त्याने पाच मिनिटं यंत्र बघितलं आणि म्हणाला, "मामा, चिपवाल्यांचा स्वतःचा ड्रायव्हर विंडोजवर एकदम नीट चालतो. मी टाकून देतो. तुमचा प्रोग्रामही बसवून देतो. एक तास. सण होऊ दे, मग काढून टाका."

"कुलूपवालं या घरात येणार नाही."

"मामा, आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"पंचवीस वर्षांचा प्रश्न आहे! त्या चोरांनी मामीच्या बापाची वही गिळली होती, तेव्हा तू शाळेत होतास."

ओमेर दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. ऑफिस सुटल्यावर तसाच, पाठीवर सॅक. चौथ्या दिवशी तो दारातूनच म्हणाला, "मामा, आत येऊ की नको?" आणि जोसेफभाऊ म्हणाले, "चहाला ये. कामाला नको." तो चहा न घेता गेला.

त्या दिवशी मिल्का बोलली. "मला पान उलटलेलं हवंय. कुणाच्या प्रोग्रामने उलटलं, ते घेऊन मला काय करायचंय?"

"मला दोन दिवस दे. मी वाकवतो त्याला."

"माझ्याकडे किती दिवस आहेत ते तुम्हाला माहीत आहे ना?"

जोसेफभाऊंनी ऐकलं. ऐकलं आणि तरीही तिच्याकडे पाठ करून यंत्राशीच बसले. हट्ट असा असतो.

आणि खरंच, त्यांनी वाकवलं! प्रोग्राममधून खोटा माउस हलवून बघितला, त्याला पडदा फसेना. खरा, वायरचाच हलायला हवा. मग त्यांना सुचलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि त्याच्या काचेवर माउस ठेवून चिकटपट्टी मारली. खालून सेकंदकाटा गेला की माउसच्या पोटातल्या दिव्याला वाटायचं आपण हललो. दर मिनिटाला एकदा पडद्यावरचा बाण कणभर सरकायचा. पडदा जागा! दिवसभर बघितलं, एकही पान अडकलं नाही. जोसेफभाऊ हसले, मांडीवर थाप मारली, ओमेरला फोन करून ऐकवलं, "सांग तुझ्या कुलूपवाल्यांना, आपटेकरांनी घड्याळ लावून हरवलं!"

मिल्काने विचारलं, "सणाच्या दिवशी पडलं तर?"

"पडतंय कसलं!"

दारफाळणीच्या संध्याकाळी दोघांनी लवकर जेवून घेतलं. मिल्काने पांढरी साडी नेसली. जोसेफभाऊंनी प्रोग्राम सुरू केला, माउस तपासला, दार लावलं. ती संध्याकाळ छान गेली. सकाळही. मिल्काचा आवाज असा खणखणीत लागला होता की आतल्या खोलीत जोसेफभाऊ पोटातली भूक विसरून गेले. ती प्रत्येक शब्द चाखल्यासारखा वाचत होती, घाई नाही, अडखळणं नाही.

दुपार व्हायच्या आधी तिचा आवाज थांबला. मग तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा तीच.

जोसेफभाऊ बाहेर आले. पनवेलची दमट हवा, सोळा-सतरा तास झालेले, आणि चिकटपट्टीने दम सोडला होता. माउस घड्याळावरून घसरून टेबलाच्या कडेला उताणा पडला होता. पडद्यावर पान अडकलेलं. आणि मिल्का मान तिरपी करून वाट बघत होती, कारण पुढे काय येतं ते तिला पाठ नव्हतं आणि आज ते तिला वाचायचंच होतं.

सात मिनिटं गेली. चौदा. एकवीस. जोसेफभाऊ टेबलाशी उभे. माउस एका वितीवर. एवढंसं काम, नुसतं उचलून ठेवायचं! त्यांच्या मनात त्या शहाण्याचं वाक्य घण घातल्यासारखं पडत होतं, माउस हलवा, माउस हलवा. त्यांनी त्याला शिव्या दिल्या, त्याच्या चिपवाल्याला दिल्या, हरेशला दिल्या, चिकटपट्टीला दिल्या, सगळ्या मनातल्या मनात, कारण दिवसच तसा. आणि मग त्यांनी हात पुढे केला, माउस उचलला आणि घड्याळावर आपटला.

पडदा जागा झाला. पान पुढचं आलं, अक्षरं केवढी, काळी कुळकुळीत.

मिल्का वाचायला लागली नाही. "हात लावलात?"

"पडला होता तो."

"मी काय विचारलं?"

"हो, लावला! लावला हात! काय करू मग? तू अशी बसलेली, आणि ते हरामखोर तिकडे..."

"आज असं बोलू नका." तिने खुर्चीचे हात धरले, जड जड उठली, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पाठ करून बसली. "या दिवशी तुमच्या हाताने आलेलं पान मी वाचायची नाही."

"मिल्का, अगं, पुढचं तरी..."

"त्याच्या पुढचंही नाही."

दुपार गेली. ऊन दाराच्या फटीतून आत आलं आणि निघून गेलं. आणि यंत्र बघा, आता अगदी शहाण्यासारखं चाललं होतं! सात मिनिटांनी पान, सात मिनिटांनी पान, दुपारची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, एकही अडकलं नाही. रिकाम्या खोलीत दाखवावं तसं ते दाखवत राहिलं. जोसेफभाऊ जमिनीवर बसून होते. त्यांनी एकदा वहीची छापील प्रत काढली आणि वाचून दाखवू का म्हणून विचारलं. मिल्काने नकारार्थी मान हलवली. ती पाठ असलेले तुकडे पुटपुटत होती. मधले विसरलेले गाळून.

चांदण्या दिसल्या. आळीत दारं उघडल्याचे आवाज आले. जोसेफभाऊंनी मनुकांचं शरबत पेल्यात ओतलं आणि तिच्यासमोर धरलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "हात लावायला नको होता. पण तुला सांगतो, त्या लोकांनी ती तक्रार बंद केली नसती ना, तर..."

"हात लावलात ते देवाचं," मिल्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण चाळीस वर्षांत जोसेफभाऊंनी तिला असं चिडलेलं ऐकलं नव्हतं. "त्याचा दिवस मोडलात, त्याचं तो बघेल. आजच्या दिवशी तो माफ करतो, तुम्हालाही करेल. पण ओमेर चार दिवस दारात उभा होता. एक तासाचं काम होतं. माझे डोळे संपत आलेत हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही त्यांच्याशी भांडण जिंकायला घड्याळावर माउस ठेवत बसलात. मला अडवलं ते त्या लोकांनी नाही. त्यांना मी कोण ते माहीतही नाही. तुम्हाला माहीत होतं. ते माझं आहे, ते देव नाही माफ करू शकत, मलाच करावं लागतं. आणि मी केलेलं नाही."

मिल्काने पेला चाचपून हातात घेतला, शरबत शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, आणि पेला त्यांच्याकडे न देता भिंतीला हात लावत लावत मोरीकडे धुवायला घेऊन गेली.